किल्ला दिसत होता का

आमच्या घराण्यात चार पिढ्या पंचांग करीत. माझ्या वडिलांनी, दत्तोपंतांनी, ते काम सोडून तार खात्यात कारकुनी धरली. मी पदार्थविज्ञान शिकवले आणि निवृत्त झालो. चंद्राने मात्र आमची पाठ सोडली नाही. दर संकष्टीला आमच्या इमारतीतील स्त्रिया मला चंद्रोदयाची वेळ विचारतात. कारण कॅलेंडरावर ठळक छापलेली वेळ मुंबईची असते आणि आपल्याकडे चंद्र त्याच्या काही मिनिटे आधी उगवतो, हे मी एकदा नको तितक्या उत्साहाने सांगून बसलो. माझी पत्नी भानुमतीही तो उपवास करते. मी वेळ काढून देतो, ती मोदक वाढते. चंद्राच्या उगवण्याचा आणि मनुष्याच्या जेवणाचा संबंध काय, हा प्रश्न आमच्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षीच विचारून झालेला आहे.

वर्षातून एकदा हेच गणित मी आणखी एका माणसाला करून देत असे. काझी शुजाउद्दीन उर्दू शाळेत गणित शिकवीत. आमची ओळख एका विज्ञान प्रदर्शनाच्या परीक्षक मंडळावर झाली. ज्वालामुखीच्या त्याच त्या प्रतिकृतीला बक्षीस द्यायला दोघांनीही नकार दिला होता. निवृत्तीनंतर ते त्यांच्या भागातील चाँद कमिटीचे सदर, म्हणजे अध्यक्ष, झाले. रमजानच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी नवा चंद्र दिसला तर दुसऱ्या दिवशी ईद. न दिसला तर तीस रोजे पूर्ण करून मग ईद. दिसला की नाही हे ठरवणे कमिटीचे काम. आकाशात नेमके कुठे पाहायचे तेवढे ते मला विचारीत. आहे की नाही, हे कधी विचारीत नसत.

यावरून आमचा वाद जुना होता. चंद्र आकाशात असतो की नसतो, माणसाने पाहिल्याने त्यात काय फरक पडतो, असे मी म्हणे. ते म्हणत, चंद्र तुमचा घ्या, महिना आमचा आहे. तो कुणीतरी समोर येऊन ‘मी पाहिला’ म्हटल्यावर सुरू होतो. त्यांच्या मते सत्याला माणूस लागतो, माझ्या मते माणूस हा सत्यातला सर्वांत बेभरवशाचा भाग आहे. वीस वर्षांत आम्ही एकमेकांना तसूभरही हलवले नाही. पुढे पुढे तर वाद आम्ही केवळ सवय म्हणून काढत असू, आणि चहा आला की तिथेच सोडून देत असू.

त्या वर्षी अमावास्या मध्यरात्रीनंतर संपली. त्यामुळे सकाळी पाडवा आला आणि त्याच दिवशी एकोणतिसावा रोजाही आला. दोन सण एकाच चंद्रावर टांगलेले होते, आणि दोन्हीकडच्या बहुतेकांना ते ठाऊक नव्हते.

अडचण दुसऱ्या दिवसाची होती. पाडव्याची शोभायात्रा आमच्याकडे एक जुने मंडळ काढते. त्यातून फुटून निघालेल्या नव्या मंडळाला त्याच दिवशी रस्ता मिळेना, म्हणून त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी नऊची वेळ मागितली. मार्ग ईदगाहवरून जाणारा होता. सुट्ट्यांच्या छापील यादीत ईद परवाची होती आणि तिच्याखाली बारीक अक्षरांत ‘चंद्रदर्शनानुसार’ असे होते. परवानगी देणाऱ्याने यादी वाचली, बारीक अक्षरे वाचली नाहीत. चंद्र आज दिसला, तर उद्या सकाळी नऊ वाजता ईदची नमाज आणि ढोलपथक एकाच रस्त्यावर येणार होते.

त्याच रस्त्यावर दोन वर्षांपूर्वी दगडफेक झाली होती. कोणी सुरू केली याविषयी शहरात दोन मते आहेत आणि दोन्ही ठाम आहेत. त्यात पथकातल्या प्रणय नावाच्या मुलाचा एक डोळा गेला, याविषयी मात्र मतभेद नाहीत. माझी मुलगी चारुता त्याच पथकात आहे. उद्या ती पहिल्या रांगेत ढोल वाजवणार होती.

पाडव्याच्या सकाळी गुढी उभी करून झाली तेवढ्यात पोलीस निरीक्षक सोमनाथ वाघचौरे घरी आले. श्रीखंड संपेपर्यंत ते उन्हाळ्याविषयी बोलले. मग वाटी बाजूला ठेवून म्हणाले, “सर, तुम्ही एकदा काझीसाहेबांना सांगून टाका ना, आज चंद्र दिसूच शकत नाय. तुमचं ऐकतेत ते.”

“दिसू शकतो,” मी म्हणालो. “कठीण आहे, पण शक्य आहे.”

“कठीण म्हंजी किती?”

“हवा चांगली असली आणि डोळे चांगले असले तर दिसेल.”

“मग कठीणच म्हना की. शक्य कशाला म्हनता.”

मी विचारले, की यात्रा दोन दिवस पुढे का नेत नाही. त्यांनी थकलेल्या स्वरात दोन्ही बाजू सांगितल्या. मंडळाचे म्हणणे, नववर्ष आमचे, देश आमचा, आम्ही का हलायचे. कमिटीकडे विचारले, तर ईद हलवणे आपल्या हातात नाही. नमाजची वेळ हलवता येईल का, हे विचारायला ते धजले नव्हते. विचारले असते तर त्याचीच बातमी झाली असती. “दोघं बी देवाचं नाव सांगतेत,” ते म्हणाले, “अन् बंदोबस्ताला मी. संभाजीनगरात बदली मागून घेतली मी, सर. लई मोठी चूक झाली.”

मी त्यांना काहीच वचन दिले नाही. ते गेल्यावर भानुमती म्हणाली, एवढे सांगायला काय हरकत होती. मी म्हणालो, की मला जे माहीत आहे ते ‘शक्य’ एवढेच आहे. ती म्हणाली, की चारुता पहिल्या रांगेत आहे हेही मला माहीत आहे.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे आम्ही विद्यापीठामागच्या टेकडीवर गेलो. काझीसाहेबांच्या एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले होते आणि दुसऱ्याचे राहिले होते, त्यामुळे चढताना त्यांनी माझा दंड धरला. सोबत कमिटीतले चौघे होते. त्यांतला फुरकान शेंद्र्याच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे. त्याने फोनवरचा नकाशा मला दाखवला. त्यात आपला सगळा प्रदेश पिवळ्या पट्ट्यात होता; पिवळा म्हणजे दुर्बिणीशिवाय दिसणार नाही.

“सर, आपण दोघं तर सायन्सवाले,” तो म्हणाला. “हे टेकडी चढणं वगैरे कशासाठी, तुम्हीच समजवा चाचांना.”

मी त्याला सांगितले, की पिवळा पट्टा आणि त्याच्या शेजारचा हिरवा पट्टा यांच्यामधली रेघ माणसांनीच काढलेली असते, आणि आपण त्या रेघेच्या अगदी जवळ आहोत. त्याने नम्रपणे मान डोलावली. ॲपवर जेवढा विश्वास त्याचा होता, तेवढा माझा कोणत्याही सूत्रावर कधी नव्हता.

सूर्य बुडाला. त्यांनी खजूर खाऊन रोजा सोडला, मलाही दिला, मी खाल्ला. पश्चिमेला क्षितिजापाशी तपकिरी धुळीचा जाड थर होता. एरवी तिथे देवगिरीचा किल्ला टोपी घातल्यासारखा दिसतो. त्या संध्याकाळी किल्ल्याच्या जागी नुसता रंग होता. वरच्या बाजूला आकाश बरेच निवळलेले होते. ते लोक नमाजला उभे राहिले. मी दुर्बीण तिपाईवर लावून, काढून आणलेल्या दिशेला फिरवली.

चंद्र तिथेच होता. असणारच होता, त्यात काही पराक्रम नव्हता. तांब्याच्या तारेचा तुकडा वाकवून ठेवावा तसा, दोन्ही टोके वर. मग मी दुर्बिणीवरून डोळा काढला आणि त्याच जागी नुसत्या डोळ्यांनी पाहत राहिलो. बराच वेळ काही नव्हते. मग होता. मग पुन्हा नव्हता. मग पुन्हा होता आणि त्यानंतर शंका राहिली नाही.

नमाज संपवून काझीसाहेब माझ्याजवळ आले. बाकीचे पलीकडे उभे राहून डोळ्यांवर हात धरून भलतीकडेच पाहत होते. काझीसाहेबांनी हळू विचारले, “दिसला?”

खोटे बोलणे सोपे होते आणि त्याने बहुतेकांचे भलेच झाले असते. पण मला एक गोष्ट ठाऊक होती: त्यांच्या नियमाप्रमाणे माझी साक्ष धरली जात नाही. मी मुसलमान नाही. माझ्या ‘हो’ला काही किंमत नव्हती, म्हणून खरे बोलणे मला परवडत होते.

“दिसला,” मी म्हणालो. “नुसत्या डोळ्यांनी.”

ते थोडे हसले. “तुमची शहादत आमच्यात चालत नाही, जोशीसाहेब.”

“माहीत आहे.”

“मग नाही म्हणायचं होतं. वाघचौरे माझ्याकडेही येऊन गेला सकाळी.”

“तुम्ही विचारलंत.”

मी वाट पाहत राहिलो. आता ते ‘कुठे’ असे विचारतील, मी बोट दाखवीन, फुरकानचे पंचविशीतले डोळे ते पकडतील आणि मग साक्षही होईल, ईदही होईल. काझीसाहेबांनी ‘कुठे’ विचारले नाही. त्यांनी पश्चिमेकडे पाठ केली, चटई झटकली आणि तिची घडी घालायला घेतली. घडी त्यांनी दोनदा घातली. तोवर तांब्याची तार धुळीत उतरली होती.

एवढ्यावर संपले असते तर ते माझ्या मते त्या दिवसाचे सर्वोत्तम उत्तर होते. चंद्र होता हे मी सांगितले होते. तो कमिटीला दिसला नाही हेही खरे होते. आणि चारुताला मोकळा रस्ता मिळणार होता. सत्य, धर्म आणि पोलीस यांचे एकमत क्वचितच होते.

काझीसाहेबांच्या घरी चहा घेत असताना पाचोडहून फोन आला. तिथल्या दोघांनी चंद्र पाहिला होता. फुरकान लगेच म्हणाला, फोनवरची साक्ष चालत नाही. काझीसाहेब म्हणाले, हे खरे, आणि फोनवरच्या माणसाला हे सांगितले. पलीकडून उत्तर आले, की दोघे मोटारसायकलवर निघालेसुद्धा.

तास-सव्वा तासाने ते आले. भुवयांवर धूळ होती. एकाचे नाव याकूब पिंजारी, दुसऱ्याचे दगडू बागवान; दोघे मोसंबीच्या बागा ठोक घेतात आणि माल मंडईत लावतात. रोजा सोडायच्या वेळी ते बागेतच होते.

फुरकान दगडूभाईंकडे पाहत म्हणाला, “दगडू? हे नाव मुसलमानाचं असतं का, चाचा?”

“माझ्या आधीची तीन लेकरं गेली व्हती,” दगडूभाई म्हणाले. “मायनं म्हनलं, ह्येला दगड म्हना, म्हंजी राहील. राहिलो बघा. कागदावर दाऊद हाय, पन तसं हाक मारली तर मी वळून बी बघत नाय.”

एकदोघे हसले. फुरकान हसला नाही. त्याने विचारले, गावच्या देवीच्या जत्रेत तुमचे दुकान असते म्हणे. दगडूभाई म्हणाले, असते, नारळ अन् फळं. देवीला बी मोसंबी लागतेत. साक्षीदार सच्चा आणि पाबंद, म्हणजे धर्माचे नेम पाळणारा, असावा लागतो, असे फुरकानने सदरांना उर्दूत सांगितले, पण सगळ्यांना समजेल एवढ्या मोठ्याने.

काझीसाहेबांनी दोघांना वेगळे केले. त्यांची ही पद्धत मला माहीत होती: एकाला आतल्या खोलीत बसवायचे, दुसऱ्याला विचारायचे, आणि प्रश्न असे, की घरून ठरवून आलेल्यांची उत्तरे जुळू नयेत. सूर्य बुडायच्या आधी पाहिला की नंतर. त्याच्या डाव्या हाताला की उजव्या. टोके कुठे होती. आधी कोणाला दिसला. याकूबने सांगितले, टोके वर होती, बैलाच्या शिंगांसारखी. दगडूभाईंनी सांगितले, टोके वर होती, अन् आधी याकूबला दिसला, मला दिसंना, मी त्येला खोटा म्हनलो, मंग दिसला. एक छोटासा फरक पडला: याकूबच्या मते चंद्र विहिरीच्या बाजूला होता, दगडूभाईंच्या मते बाभळीच्या. विहीर आणि बाभूळ शेजारीशेजारी आहेत, असे नंतर निघाले.

फुरकान ॲपचा पिवळा पट्टा दाखवीत होता. त्याचे म्हणणे साधे होते: गणित म्हणते दिसणार नाही, म्हणून यांना दिसला नाही, एकतर भास, नाहीतर उद्याच ईद करायची हौस. जन्मभर मी ज्या पद्धतीची बाजू घेतली, ती त्या क्षणी त्या खोलीत फक्त त्याच्या तोंडी होती, आणि ती चुकत होती. मी ओसरीतल्या खुर्चीवर बसून होतो. मला कोणी काही विचारले नव्हते.

मग कमिटीतल्या एका वृद्ध गृहस्थांनी मुद्दा काढला. आकाश साफ असेल, तर दोन माणसांची साक्ष पुरत नाही. साफ आकाशात दोघांनाच कसा दिसेल, पुष्कळांना दिसायला हवा. धूळ किंवा ढग असतील तर मात्र दोन भरवशाचे पुरतात. तेव्हा प्रश्न एवढाच, की आज आकाश साफ होते की नव्हते. हा मुद्दा ऐकताच खोलीत सैलपणा आला. प्रत्येकाला त्यातली वाट दिसली. आकाश साफ होते असे ठरले, तर कोणालाही खोटे न म्हणता दोघांना सन्मानाने परत पाठवता येत होते. कमिटीतले दोघे म्हणाले, साफ होते, वर तारे दिसत होते. दोघे म्हणाले, नव्हते. फुरकान साफच्या बाजूने होता.

काझीसाहेबांनी दाढीवरून हात फिरवला. मग त्यांनी ओसरीकडे पाहिले.

“जोशीसाहेब, साक्ष चंद्राची लागते. हवेची नाही. हवा कुणीही सांगू शकतो. सूर्य बुडाला तेव्हा दौलताबादचा किल्ला दिसत होता का?”

मला राग आला, हे मी लपवत नाही. टेकडीवर त्यांनी ‘कुठे’ विचारले नव्हते. आता किल्ला विचारत होते. तिथे मी फुकटात खरे बोललो होतो. इथे खरे बोलण्याची किंमत चारुता देणार होती, आणि कदाचित त्यांचे नातूही, जे उद्या ईदगाहच्या पहिल्या रांगांमध्ये उभे राहणार होते. ‘दिसत होता’ एवढे दोन शब्द पुरे होते. टेकडीवरच्या पाच जणांपैकी किल्ल्याकडे कोणी पाहिले नव्हते. मला खोटे पाडू शकणारे कोणीही नव्हते. फक्त काझीसाहेब, ज्यांना माझा ‘हो’ आधीच माहीत होता. आता लक्षात आले, की त्या ‘हो’ला त्यांच्या नियमात किंमत नसेल, पण त्यांच्या मनात होती. समोरच्या दोघांना नाकारायचे, तर त्यांना चंद्र होता हे ठाऊक असून नाकारावे लागणार होते. ते ओझे त्यांना एकट्याने उचलायचे नव्हते, किंवा मला उचलू द्यायचे होते. मला नक्की सांगता येत नाही.

दगडूभाई माझ्याकडे पाहत होते. आपण कशावर अडलो आहोत हे त्यांना कळले नव्हते.

“दिसत नव्हता,” मी म्हणालो. “क्षितिजापासून बऱ्याच उंचीपर्यंत धूळ होती.”

“यकीनन?”

“हो.”

काझीसाहेबांनी मान हलवली, दोघांची साक्ष कबूल केली आणि उद्या ईद असल्याचे सांगितले. कोणी जल्लोष केला नाही. वृद्ध गृहस्थांनी ‘मुबारक’ म्हटले. फुरकान फोन खिशात टाकून निघून गेला, मला नमस्कार करायला मात्र विसरला नाही.

त्यानंतर त्यांनी दुसरे काम केले. दरवर्षी नऊची असणारी नमाज या वर्षी सूर्योदयानंतर लगेच, पावणेसातला होईल असे जाहीर करायला सांगितले, आणि वाघचौऱ्यांना फोन लावून तेवढेच कळवले. वाघचौऱ्यांचा फोन मग मला आला. त्यांनी मला काही दोष दिला नाही. एवढेच म्हणाले, “तुम्ही तर देव बी मानीत नाय, सर. मंग कुनासाठी एवढं खरं बोलता?” आणि त्यांनी फोन ठेवला.

चारुता घरी ढोलाच्या दोऱ्या आवळीत बसली होती. बातमी तिला आधीच कळली होती. बातमीत माझे नावही होते. ती शांतपणे म्हणाली, “बाबा, जन्मात एकदा खोटं बोलायचं होतं. प्रणयला काय सांगू मी?” उद्या जाऊ नकोस, असे मी म्हणालो. ती म्हणाली, की ती पहिल्या रांगेत आहे. तिच्या बोलण्यात माझाच हट्ट होता.

सकाळी नमाज वेळेवर झाली. नंतर लोक गळाभेट घेत, शीरखुर्म्याची आमंत्रणे देत रस्त्यावर रेंगाळले, जसे ते रेंगाळतातच. यात्राही दहापर्यंत निघाली नाही, जशी ती वेळेवर कधीच निघत नाही. मी पोलिसांच्या दोरीमागे उभा होतो. पथक ईदगाहपाशी आले तेव्हा तिथे थोडीच माणसे उरली होती. ढोल वाजत गेले. एका बाजूने घोषणा झाली, दुसऱ्या बाजूने झाली, वाघचौऱ्यांनी शिटी वाजवली. चारुता माझ्याकडे न पाहता पुढे गेली. तिचे दोन्ही डोळे शाबूत होते. मी त्याखेरीज काही पाहिले नाही.

काही झाले नाही, आणि न झालेल्या गोष्टीचे श्रेय सगळ्यांनी घेतले. मंडळ म्हणाले, त्यांना नमाज हलवायला लावली. ईदगाहकडचे म्हणाले, आम्ही समजूतदारपणा दाखवला. आठवड्याभरात फोनांवरून रेकॉर्ड केलेला एक निरोप फिरू लागला, की काझीने एका ब्राह्मणाच्या शहादतीवर ईद केली. मी चंद्राविषयी त्या खोलीत एक अक्षरही बोललो नव्हतो, फक्त धुळीविषयी बोललो होतो. पण हा फरक समजावून सांगायला लागले, की माणसे तुमच्या खांद्यावरून पलीकडे पाहू लागतात. काझीसाहेबांनी खुलासा केला नाही. कमिटीने त्यांना आराम करायला सांगितले. नवा सदर फुरकान झाला. आमच्या इमारतीतल्या स्त्रिया पुढच्या संकष्टीला माझ्याकडे वेळ विचारायला आल्या नाहीत; त्याच्या पुढच्या संकष्टीला आल्या, कारण कॅलेंडरप्रमाणे वाट पाहत त्या उगाच उपाशी राहिल्या होत्या.

पुढच्या वर्षी एकोणतिसाव्या संध्याकाळी काझीसाहेबांचा फोन आला. टेकडीवर येता का, असे त्यांनी विचारले. मी विचारले, कशाला. ते म्हणाले, दुसऱ्या डोळ्याचेही ऑपरेशन झाले आहे, बघू तरी.

आम्ही दोघेच चढलो. या वेळी त्यांनी माझा दंड धरला नाही. हवा स्वच्छ होती आणि किल्ला कापून ठेवल्यासारखा उभा होता. सूर्य बुडतो न बुडतो तोच खाली शहरात फटाके वाजू लागले; दुसऱ्या कुठल्यातरी शहरातून निरोप आला असावा. फुरकानची कमिटी या वर्षी टेकडीवर आलीच नव्हती. आम्ही तरीही बसून राहिलो. दुर्बीण मी पिशवीतून काढली नाही.

“तो बघा,” काझीसाहेब म्हणाले. त्यांना माझ्या आधी दिसला. “किल्ल्याच्या डावीकडे, वर.”

मी पाहिला. चांगला जाडजूड चंद्र होता, कोणालाही दिसला असता.

“जाऊन साक्ष देणार?” मी विचारले.

“कुणी विचारलं तर.” त्यांनी पिशवीतून खजूर काढले, एक मला दिला. “गेल्या वर्षी तुम्ही ‘किल्ला दिसत होता’ म्हणाला असता, तर मी मानलं असतं, जोशीसाहेब. मी तेवढ्यासाठीच विचारलं होतं.”

मी खजूर खाल्ला आणि बी हातात धरून बसलो. मग ते म्हणाले, की उतरताना अंधार होईल, निघू या. आम्ही निघालो.